आरसी हरवली पुण्यात, मालक श्टुटगार्टला

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ साली पुण्यात घेतलेली डिझेल हॅचबॅक, नंबर एमएच १२ चा. मालक २०२१ पासून श्टुटगार्टला नोकरीला. गाडी कोथरूडला आई-वडिलांकडे असते, वडील आठवड्यातून दोनदा बाहेर काढतात. आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं, स्मार्ट कार्ड सापडत नाही. घर बदलताना गहाळ झालं की जर्मनीला नेलेल्या बॅगेत गेलं, हेही आठवत नाही. कर्ज २०२२ मध्ये फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. आता गाडी विकायची आहे. भारतात न येता डुप्लिकेट आरसी मिळेल का, आणि त्यासाठी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी लागेल का?

मिळेल. आणि नुसत्या डुप्लिकेटसाठी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी सहसा लागत नाही. पण तुमची खरी अडचण कार्ड हरवल्याची नाही. सव्वीस वर्षं पुणे आरटीओच्या परिसरात हीच कामं करतोय. परदेशातल्या मंडळींचं काम दहापैकी आठ वेळा एकाच जागी अडकतं. गाडीच्या नोंदीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. तुम्ही २०२१ मध्ये गेलात, सहा महिने रिचार्ज केलं नाहीत, सिम गेलं. आता ओटीपी त्या नंबरवर जातोय आणि तो नंबर कदाचित भलत्याच माणसाच्या खिशात आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्वीचं आरसी बुक म्हणजे खरोखरच पुस्तक होतं. ते हरवलं की आरटीओच्या रेकॉर्ड रूममधली फाइल शोधायची, आणि ती फाइल उंदरांच्या आधी आपल्याला सापडली तर नशीब. आता तुमच्या गाडीची सगळी कुंडली 'वाहन' या केंद्रीय संगणक प्रणालीत आहे. चासी नंबर, इंजिन नंबर, कर, बँकेचा बोजा (म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद), विमा, पीयूसी, सगळं. कार्ड ही त्या नोंदीची छापील प्रत. प्रत गेली म्हणून तुमची मालकी कुठे जात नाही. म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका, पण नोंद स्वच्छ आहे की नाही ते आजच बघा.

वडिलांचं गाडी चालवणं थांबवायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये तशी दुरुस्ती झाली. त्याच नियमात, कागद जवळ नसेल तर पंधरा दिवसांच्या आत दाखवण्याची मुभाही आहे. घोळ एवढाच की डिजिलॉकर आरसी उतरवताना तुमचं आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळवून बघतं. २०१७ च्या आरसीवर शोरूमवाल्याने 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' अशा क्रमाने टंकलेलं असतं, आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, किंवा वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. मग डिजिलॉकर हात वर करतं. जुळलं तर मात्र तुमच्या खात्यातून आरसी काढून वडिलांच्या फोनमध्ये ठेवून द्या. चौकातला हवालदार तसाही स्वतःच्या यंत्रावर नंबर टाकून गाडी बघतोच.

डिजिलॉकरवर भागतंय म्हणून डुप्लिकेटचं काम पुढे ढकलू मात्र नका. गाडी विकताना घेणारा कार्ड मागेल. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी आरसी आणि दोन्ही किल्ल्या मागते.

आता मोबाइल नंबर. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर बदलण्याची सोय आहे. तिथे गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची मुदत हे सगळं अचूक टाकावं लागतं. लोक इथे अडतात, कारण हे आकडे आरसीवर असतात आणि आरसीच हरवलेली असते! घाबरू नका. विम्याच्या पॉलिसीवर चासी आणि इंजिन नंबर दोन्ही छापलेले असतात. शोरूमच्या मूळ बिलावर असतात. सर्व्हिसिंगच्या बिलावर निदान चासी नंबर असतो. यातलं काहीच नसेल तर चासी नंबर खुद्द गाडीवर ठोकलेला असतो. कोणत्या जागी, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. वडिलांना टॉर्च घेऊन बघायला सांगा आणि फोटो मागवा. फोनवरून तोंडी आकडे घेऊ नका, बी आणि डी मध्ये घोळ होतो आणि तुम्ही दोन दिवस संकेतस्थळाला शिव्या देत बसता. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं, म्हणजे तुमची २०३२ पर्यंत.

नवा नंबर भारतीय हवा. जर्मन नंबर चालत नाही. तुमच्याकडे रोमिंगवर जिवंत ठेवलेलं भारतीय सिम असेल तर उत्तम, कारण आधारचा ओटीपीही भारतीय नंबरवरच येतो. नसेल तर गाडीच्या नोंदीला वडिलांचा नंबर जोडा, पण मग आधारच्या मार्गाने घरबसल्या अर्ज करता येणार नाही, कारण आधार तुमचं आणि त्याचा नंबर बंद. तो बदलायला सहसा आधार केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असतो, जाताना विमानतळावर सिम काढून कचऱ्यात टाकू नका; सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारत राहा. कोणी ऐकत नाही.

यापुढे तुमच्यासमोर दोन वाटा आहेत.

आधारला जोडलेलं सिम चालू असेल आणि नाव जुळत असेल, तर डुप्लिकेट आरसीचा अर्ज आरटीओत पाऊल न टाकता होतो. २०२१ पासून आधारच्या ओळखीवर घरबसल्या करायच्या सेवांत डुप्लिकेट आरसी आहे. अर्ज, शुल्क, कागद चढवणं सगळं ऑनलाइन. परदेशातून हे संकेतस्थळ कधी कधी उघडतच नाही. तसं झालं तर वडिलांना किंवा बहिणीला पुण्यात संगणकासमोर बसवा, तुम्ही फोनवर राहा आणि ओटीपी आला की सांगा. घरच्या माणसाला सांगा म्हणतोय, माझ्यासारख्या एजंटला नाही. आधारचा ओटीपी एजंटला देणं म्हणजे घराची किल्ली रखवालदाराकडे ठेवण्यासारखं आहे. बहुतेक वेळा काही होत नाही, पण होतं तेव्हा वाईट होतं.

नाव जुळलं नाही किंवा सिम नाही, तर जुनी वाट. नमुना २६ हा अर्ज ऑनलाइन भरून छापायचा, त्यावर तुम्ही स्वतः शाईने सही करायची आणि कुरिअरने पुण्याला पाठवायचा. सोबत पासपोर्टची आणि पॅनची स्वतः साक्षांकित केलेली प्रत, आणि वडिलांच्या नावे अधिकारपत्र: 'माझ्या अमुक नंबरच्या गाडीच्या डुप्लिकेट आरसीचा अर्ज दाखल करण्यासाठी व कागद स्वीकारण्यासाठी मी यांना अधिकार देत आहे.' एवढंच, एका पानात. त्यात 'गाडीसंबंधी सर्व व्यवहार' असले शब्द घालू नका. सहीचं तेवढं सांभाळा. २०१७ मध्ये शोरूममध्ये पूर्ण नावाची देवनागरी सही केलेली असते आणि चार वर्षं जर्मनीत राहून ती दोन वळशांची झालेली असते. पासपोर्टवर आहे तशी करा, सावकाश.

सहीच्या अर्जावर पडताळणीसाठी दूतावासाचा शिक्का मागतील का? डुप्लिकेटसाठी क्वचित. पण अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याला मालक परदेशात असल्याची शंका घेण्याचा हक्क आहे, आणि तशी शंका घेतली तर मी त्याच्याशी वाद घालत नाही. उद्या तुमचीच गाडी कोणी खोट्या सहीने उचलायला आला तर त्याने शंका घ्यावी असंच तुम्हाला वाटेल.

आता पोलिसांची नोंद. नियम ५३ प्रमाणे आरसी जिथे हरवली तिथल्या पोलीस ठाण्याला कळवायचं आणि मग नोंदणी अधिकाऱ्याला. हा एफआयआर नव्हे, वस्तू गहाळ झाल्याची साधी नोंद. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये ती ऑनलाइन होते, मुंबईतही होते. तुमच्या प्रश्नातला खरा पेच इथे आहे: कार्ड कुठे हरवलं ते तुम्हाला माहीत नाही.

या जागी बरेच जण तुम्हाला एक तयार वाक्य देतील, 'रिक्षातून जाताना पडलं असं लिहा, सगळे तेच लिहितात.' लिहू नका. ही नोंद आणि तिच्यासोबत मागतात ते शपथपत्र तुमच्या नावाने राहतं. पुढे ते कार्ड कुठे गहाण ठेवलेलं निघालं किंवा विम्याचा दावा आला, तर ही रिक्षा तुमच्याभोवती फिरत बसेल. ज्या तारखेला तुम्ही भारतातच नव्हता त्या तारखेला डेक्कनवर रिक्षातून कार्ड पडल्याचं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि पासपोर्टवरचा शिक्का त्याच अर्जाला जोडलेला होता. खरं ते लिहा: 'अमुक महिन्यात घर बदलल्यानंतर कार्ड सापडत नाही, शोध घेतला, मिळालं नाही.' शेवटचं कार्ड कोथरूडच्या घरी पाहिलं होतं ना? मग पुण्यातली नोंद योग्य आहे. बॅग जर्मनीत चोरीला गेली आणि कार्ड तिच्यात होतं असं खात्रीने माहीत असतं, तर तिथल्या पोलिसांची नोंद आणि तिचं अधिकृत भाषांतर लागलं असतं. तशी खात्री नसताना उगाच त्या वाटेला जाऊ नका.

बोजाकडे या, कारण तुमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ यातच जाणार. आरसीवर बँकेचं नाव आहे तोवर डुप्लिकेटच्या अर्जावर बँकेची संमती लागते. कर्ज २०२२ मध्येच फिटलंय, तर संमती कसली मागायची? बोजाच उतरवा. बँकेकडून कर्ज संपल्याचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या, त्यावर बँकेची सही-शिक्का आणि तुमची सही. तेव्हा घेतलेलं पत्र कपाटात असेल तर त्याचा उपयोग नाही, तीन महिन्यांपेक्षा जुनं पत्र खिडकीवर परत येतं. नवं मागवा. कर्ज देणारी शाखा बंद झाली असेल किंवा बँकच दुसरीत विलीन झाली असेल, तर आतापासून ईमेलचा मारा सुरू करा. डुप्लिकेट आणि बोजा उतरवणं मी एकत्रच टाकतो, म्हणजे नवं कार्ड बँकेच्या नावाशिवाय छापून येतं. आधी डुप्लिकेट, मग बोजा असं केलंत तर कार्ड दोनदा छापाल आणि पोस्टमनची दोनदा वाट बघाल.

बोजा उतरवण्याचा विषय निघाला की नंबरप्लेटही आली. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवायची आहे. तुमची २०१७ ची, म्हणजे त्यात आली. ती नसेल तर मालकी बदल, पत्ता बदल आणि बोज्याची कामं अडवली जातात. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. वेळ ठरवून वडिलांनी गाडी केंद्रावर न्यायची. हे काम तुमच्याशिवाय होतं, म्हणून ते आजच त्यांच्यावर सोपवा. सोबत विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते बघा आणि ई-चलन तपासा. चार वर्षांत वडिलांची दोन-तीन चलनं असतील आणि त्यांना त्यांचा पत्ताच नसेल, कारण मेसेज तुमच्या मेलेल्या नंबरवर गेले. त्यांना रागावू नका, भरून टाका.

खर्चाबद्दल. मोटारीच्या नोंदणीचं शुल्क ६०० रुपये आणि डुप्लिकेटचं त्याच्या निम्मं, म्हणजे ३००. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. शपथपत्र आणि कुरिअर धरलं तरी सगळं मिळून परदेशी माणसाच्या एका बाहेरच्या जेवणाइतकं. आमच्या धंद्यात 'एनआरआय' हा शब्द ऐकला की आकड्यापुढे शून्य वाढतं, हे मी धंद्यातला असूनही सांगतो. एजंट घ्यायला हरकत नाही, वडिलांचं वय बघता घ्याही, पण सरकारी शुल्काची पावती वेगळी मागा.

कार्ड टपालाने येतं, तेही नोंदीतल्या पत्त्यावर. तुम्ही घर बदललंय म्हणालात. नोंदीत जुन्या घराचा पत्ता असेल तर कार्ड तिथे जाईल, दार बंद म्हणून परत आरटीओत येईल आणि मग ओळखपत्र घेऊन खेटे घालावे लागतील. पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं हा कायदाच आहे. त्यामुळे पत्ताही याच अर्जात दुरुस्त करा. पुरावा तुमच्या नावाचा लागेल, वडिलांच्या नावाचं वीजबिल चालणार नाही. पासपोर्टवर किंवा आधारवर नवा पत्ता आहे का बघा. तो नसेल तर जुन्या घरी आता कोण राहतं ते शोधा आणि त्यांना पेढे द्या. गंमत नाही, असंही आम्ही केलंय.

इथवर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी लागली नाही. विक्रीला मी तिचा आग्रह धरतो. हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही लागते, आणि इथेच परदेशातली माणसं सगळ्यात मोठी चूक करतात: दोन्ही नमुने कोरे, नुसती सही करून, पाकिटात घालून पाठवतात. 'गिऱ्हाईक मिळालं की काका भरतील.' माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी न्यू जर्सीतून असंच केलं. गाडी एका दलालाला गेली, दलालाकडून दुसऱ्याला, तिसऱ्याला. नमुने कोणी दाखलच केले नाहीत. दोन वर्षांनी गाडीला अपघात झाला आणि नोटीस आली यांच्या नावाने. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं: गाडी कितीही हातांतून फिरो, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, तरी तुम्ही सुटलेला नसता.

म्हणून गिऱ्हाईक ठरल्यावर त्याचं नाव, तारीख घालूनच नमुन्यांवर सही करा. किंवा वडिलांना फक्त या गाडीच्या विक्रीपुरती खास पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या, गाडीचा नंबर आणि चासी नंबर घालून. ती जर्मनीत करताना एक खड्डा टाळा. अमेरिका-ब्रिटनमधले मित्र सांगतील की स्थानिक नोटरीकडे जा आणि अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून दिला जाणारा सरकारी दाखला, लाव. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. कॅनडावाल्यांनाही जानेवारी २०२४ पासून ते चालतं. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू होत नाही. तुम्ही भारतीय वकिलातीतच जायचं. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे ते म्युनिकच्या वकिलातीकडे येतं. वेळ घेऊन जा, सही तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करा, घरून करून नेऊ नका.

कागद पुण्यात पोचला की काम संपलं असं समजू नका. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लोक तो कागद देवघरात जपून ठेवतात आणि गिऱ्हाईक चौथ्या महिन्यात येतं. कुरिअरचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच असते.

हे वाचून कोणाला आपल्या वडिलांची जुनी गाडी आठवली असेल तर: गाडी १५ वर्षांपुढची असेल तर डुप्लिकेटच्या आधी नोंदणीचं नूतनीकरण येतं, आणि तिथे शुल्क अंगावर येतं. मोटारीला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. शिवाय गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते, म्हणजे आधी ती चालू व्हायला हवी. फार जुन्या गाडीची नोंद 'वाहन'मध्ये नसेलच तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्याचं काम, करून घ्यावी लागते. मालक हयात नसेल तर डुप्लिकेट विसरा, थेट नमुना ३१ ने वारसाच्या नावावर करायची वाट धरा.

तुमच्यासाठी या आठवड्यात: वडिलांकडून विम्याच्या पॉलिसीचा फोटो, बँकेला नव्या ना हरकत पत्राचा ईमेल, एचएसआरपीची वेळ. मोबाइल नंबर बदलून झाला की पोलिसांची नोंद, मग अर्ज. बँकेने त्रास दिला नाही तर दीड-दोन महिन्यांत कार्ड हातात पडायला हरकत नाही.

आणि नवं कार्ड आल्यावर जुनं सापडतंच. गेल्या दिवाळीत एका बाईंना ते साफसफाईत अनारशाच्या डब्यात सापडलं, मुलगा जायच्या आदल्या रात्री 'नीट ठेव' म्हणून आईला देऊन गेला होता. तसं झालं तर दोन्ही कार्डं जवळ ठेवू नका. सापडलं तर परत करीन असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. जुनं कार्ड पत्र जोडून आरटीओत जमा करा आणि पोच घ्या.